डब्याची मागची बाजू

जयसिंगपुरात कॉलेजच्या पोरांकडून सराव करून घेताना हल्ली जोर-बैठकांपेक्षा प्रोटीन पावडरच्या डब्यांचेच प्रश्न जास्त येतात. "सर, कॉन्सन्ट्रेट घेऊ का आयसोलेट?" पोरं उदगाव, नांदणी, कुरुंदवाडकडची. घरात म्हैस आहे, दूध डेअरीला जातं आणि त्याच्या पैशातून दुधाचीच पावडर विकत येते. या पावडरीतलं व्हे म्हणजे चीज करताना निथळलेल्या पाण्यातलं प्रथिन, त्यात गूढ काही नाही.

कॉन्सन्ट्रेटमध्ये बहुधा 70 ते 80 टक्के प्रथिनं, बाकी थोडी चरबी आणि लॅक्टोज. आयसोलेट आणखी गाळलेलं, 90 टक्क्यांच्या आसपास, लॅक्टोज नावापुरतं. हायड्रोलायझेट आधीच तोडलेलं, चवीला कडवट आणि दराला तिखट. ते आपल्या पोरांनी विसरावं.

आमच्या एका कबड्डीपटूनं मित्राचं बघून कॉन्सन्ट्रेट सुरू केलं. त्याला घरचं दूधसुद्धा पचत नव्हतं, हे विकणाऱ्यानं विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. स्पर्धेच्या सकाळी पोट असं फुगलं की गडी चढाईला जाऊ शकला नाही. आयसोलेटवर त्याचा त्रास थांबला, म्हणजे त्याचे जादा पैसे सार्थकी लागले. पण ज्याला तांब्याभर दूध पचतं, त्यानं आयसोलेटला जादा पैसे का मोजावेत?

खरी लूट वजन वाढवायच्या मास गेनरमध्ये आहे. डबा केवढा तरी मोठा. मागचं लेबल वाचलं तर 100 ग्रॅममागे जेमतेम 15 ग्रॅम प्रथिनं, बाकी बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, साखरेसारखी चटकन रक्तात उतरणारी पावडर. वजन वाढतं, पण ते कशाचं हे पळताना कळतं.

म्हणून मी पोरांना हिशेब करायला लावतो. समजा डबा 2,400 रुपयांचा, त्यात 30 स्कूप, दर स्कूपला 24 ग्रॅम प्रथिनं. एकूण 720 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वातीन रुपयांच्या वर. दीडशे रुपये किलोचे शेंगदाणे धरले तर हाच भाव साठ पैशांवर येतो. कसून सराव करणाऱ्या 60 किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण 85 ते 110 ग्रॅम प्रथिनं लागतात. लिटरभर म्हशीचं दूध, 50 ग्रॅम सोयाबीन वडी, मूठभर शेंगदाणे यांत सत्तरच्या आसपास होतात, भाकरी-आमटी वेगळी. आपल्या भागात जैन घरं पुष्कळ, तिथं अंडी चालत नाहीत. त्यांचंही यात भागतं. उरलीसुरली तूट एका स्कूपनं भरून निघते.

लेबलवर ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर डबा परत ठेवा. प्रथिनं बहुधा नायट्रोजनवरून मोजतात. ही स्वस्त द्रव्यं घातली की आकडा आपोआप फुगतो.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. एका पोरानं जिममधल्या ओळखीच्याकडून पिशवीतली सुटी पावडर आणली. "सर, ह्यो इंपोर्टेड माल हाय." दोनेक महिन्यांत पाठभर मुरमं आणि सतत चिडचिड. व्हेनंही काहींना मुरमं येतात, म्हणून मी लगेच स्टेरॉइडचा आळ घेतला नाही. बिल मागायला लावलं. बिल नव्हतं, बॅच नंबर नव्हता. पावडर बंद करून त्याला डॉक्टरांकडे धाडलं.

2016 साली रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर, तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडले. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, हे त्यांचं म्हणणं नाडा या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं मान्य केलं. तरी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार खेळाडू, हा नियम विद्यापीठाच्या पोरालाही लागू आहे.

डब्यावरचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक हा धंद्याचा परवाना आहे, पावडरीत स्टेरॉइड नसल्याची हमी नव्हे. त्यासाठी 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखी प्रत्येक बॅच तपासणारी खूण बघा आणि तुमच्या डब्याचाच बॅच नंबर त्यांच्या यादीत आहे का ते ताडून पाहा. बिल जपून ठेवा, लेबलचा फोटो काढा आणि डबा संपत आला की दोन स्कूप पावडर त्याच डब्यात राहू द्या. चाचणीत काही निघालंच, तर ते कुठून आलं हे खेळाडूलाच दाखवावं लागतं.