नो लिंग : कोर्लईच्या ख्रिस्ती बांधवांची भाषा

पोर्तुगीज ही भाषा आज नऊ देशांच्या राज्यकारभारात वापरली जाते. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक ही त्यांतली मोठी नावे. ह्या देशांची माहिती भूगोलाच्या पुस्तकात मिळेल. परंतु पोर्तुगीजपासून जन्मलेली एक बोली आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात, घराघरांतून बोलली जाते हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली, असे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. त्या संदर्भात ही हकीगत अभ्यासण्यासारखी आहे.

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे एका काठाला रेवदंडा आणि समोर कोर्लईचा डोंगर आहे. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये इथे, म्हणजे त्या काळच्या चौलला, किल्ला बांधण्यास सुरुवात केली. समोरचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. शिपाई, व्यापारी, धर्मगुरू आले. स्थानिक लोकांचा बाप्तिस्मा झाला, लग्ने झाली आणि दोन भाषांच्या मिश्रणातून तिसरी निघाली. मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकली आणि पुढच्याच वर्षी चौलही पोर्तुगीजांच्या हातून गेले. राज्यकर्ते गेले, पण त्यांच्या आश्रयाला असलेली गरीब ख्रिस्ती कुटुंबे इथेच राहिली. कोर्लई गावात त्यांनी बस्तान बसविले, शेतीभाती केली. आपल्या बोलीला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'.

ह्या बोलीतले बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची ठेवण मराठी. पोर्तुगीज माणूस 'मी खाल्ला भात' अशा क्रमाने बोलेल. कोर्लईचा माणूस शब्द पोर्तुगीजच वापरील, पण 'मी भात खाल्ला' असा आपला क्रम ठेवील. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिथल्या लोकांत मिसळून १९९६ मध्ये ह्या बोलीवर ग्रंथ लिहिला. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास.

एवढीशी बोली अडीचशे वर्षांहून अधिक टिकली कशी? त्याचे उत्तर फारसे अभिमानास्पद नाही. धर्म वेगळा म्हणून हिंदू शेजाऱ्यांशी सोयरीक नाही, आणि मूळ जात खालची मानलेली म्हणून वरच्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती लोकांशीही नाही. एकाच बाप्तिस्म्याची लेकरे असूनही! दोन्हीकडून दूर ठेवले गेल्यामुळे हे लोक आपापसातच राहिले आणि भाषा टिकली. दुसरे कारण मात्र चांगले आहे. कार्मेल मातेच्या त्यांच्या चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू येत राहिले, त्यामुळे १९६० च्या दशकापर्यंत मूळ भाषा त्यांच्या कानावर पडत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकभाषेत आली. कोर्लईत लोकभाषा म्हणून आली ती मराठी. शाळा मराठी, नोकरी मराठी, प्रार्थनाही मराठी. आता मुलाला पुढे अडचण नको म्हणून आईच त्याच्याशी मराठीत बोलते. तिला दोष कसा द्यावा?

ह्याउलट घडले ते पूर्व तिमोर ह्या चिमुकल्या देशात. तोही पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९७५ मध्ये इंडोनेशियाने तो बळकावला आणि पोर्तुगीज भाषेवर बंदी आली. तेव्हा तिथल्या ख्रिस्तसभेने परक्यांची भाषा न घेता तेतुम ही लोकांची बोली उपासनेसाठी घेतली; १९८१ मध्ये रोमने तिला मान्यता दिली. २००२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तेतुम पोर्तुगीजबरोबर राजभाषा झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस तिथे गेले, तेव्हा मिस्साला सुमारे सहा लाख लोक जमले होते.

आपल्या तोंडी असलेली पोर्तुगीजही थोडी नाही. चावी, बादली, साबण, पगार, बटाटा, पाव हे शब्द तिकडून आले. पाद्री, क्रूस आणि नाताळ हेही! आपल्या मलयाळी बांधवांची 'मेशा' आणि 'जनल' (टेबल आणि खिडकी) त्याच घरची.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या सीरो-मलबार ख्रिस्तसभेत १९६२ पर्यंत पवित्र कुर्बाना सुरियानी भाषेत होत असे, त्या वर्षी ती मलयाळममध्ये सुरू झाली. चांदा मिशनचा प्रारंभही त्याच वर्षीचा. नंतर इथे मराठी आणि हिंदी आली, ते योग्यच झाले. पण भामरागड, एटापल्ली, धानोरा भागातल्या म्हाताऱ्या आजीची भाषा मराठी नव्हे. माडिया किंवा गोंडी आहे. २०११ च्या जनगणनेत देशभर सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. गंमत म्हणजे गोंडी, माडिया आणि मलयाळम ह्या तिन्ही द्राविडी कुळातल्या. केरळहून आलेल्या सिस्टरांची आणि त्या आजीची भाषा दूरच्या नात्याने बहिणी लागतात. तरी दोघी एकमेकींशी बोलतात ते मोडक्या मराठीत.

धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःहून सुरू केली. शासनाची वाट त्यांनी पाहिली नाही. आपल्या धर्मग्रामात निदान एवढे करता येईल : ह्या आठवड्यात प्रत्येक वाडीच्या प्रार्थनासभेत घरोघरी कोणती भाषा बोलतात ते लिहून घ्यावे, आणि 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना गोंडी किंवा माडियात म्हणता येणारे कोणी असतील तर त्यांची नावे रविवारच्या मिस्सानंतर फादरांकडे द्यावीत.