मराठीच्या वाटेने स्पॅनिश



‘मेकॅनिकलचा पोरगा आणि स्पॅनिश कशाला?’ हा प्रश्न या वर्षी मला इतक्या जणांनी विचारला की एकदाचं उत्तर लिहूनच टाकावं म्हटलं. मेसमध्ये मित्रांनी विचारलं, लॅबमध्ये सरांनी विचारलं, रेक्टर सरांनीही विचारलं. तेव्हा हा लेख म्हणजे सगळ्यांना मिळून एक उत्तर, आणि ज्यांना शिकायचं आहे त्यांच्यासाठी थोडासा अभ्यास.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकटाच पुण्याला जाऊन आठ आठवडे स्पॅनिश शिकलो. जगभरातले विद्यार्थी ही भाषा शिकायला थेट मेक्सिकोला जातात. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने परदेशी लोकांसाठी उन्हाळी शाळा सुरू केली ती १९२१ साली, म्हणजे ही प्रथा शंभर वर्षांची आहे. ओआहाका, कुएर्नावाका या शहरांतही अशा शाळा आहेत. विद्यार्थी एखाद्या घरात राहतो, सकाळी वर्गात शिकतो आणि शिकलेलं दुपारी बाजारात वापरतो. आपल्याला काही विमानाचं तिकीट परवडत नाही. तेव्हा माझं मेक्सिको म्हणजे पुण्यातली कॉट बेसिसची एक खोली!

स्पॅनिशच का?

स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे. एकट्या मेक्सिकोची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे १२ कोटी ६० लाख होती. आपल्या शाखेच्या दृष्टीने सांगायचं तर गाड्या बनवणाऱ्या मोठ्या देशांमध्ये मेक्सिकोचा नंबर लागतो. फोक्सवॅगनचा कारखाना जसा चाकणला आहे तसा मेक्सिकोतल्या पुएब्लालाही आहे. इंजिनिअर पुष्कळ असतात, स्पॅनिश येणारा इंजिनिअर कमी असतो, एवढा साधा हिशोब मी केला.

पण खरं कारण वेगळं होतं. आपल्यापैकी बरेच जण बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेले. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीत व्हायव्हा सुरू झाली की उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही. हळूहळू मनात बसतं की ‘भाषा’ हा विषय आपला नाहीच, तो शहरातल्या पोरांचा. मला हे एकदा तपासून बघायचं होतं. जिथे सगळेच पहिल्या पायरीवर उभे आहेत अशी भाषा घेतली तर मी कुठे असेन?

फी भरली ती आई-अण्णांच्या ऊसतोडीच्या पैशांतून. आपल्या बीड जिल्ह्यात ‘कोयता’ म्हणजे काय हे सांगायला नको. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आधी उचल घ्यायची आणि मग हंगामभर ती फेडायची. त्यामुळे माझ्यासाठी हा छंद नव्हता. प्रत्येक तासाचे पैसे वसूल होणं भाग होतं.

वर्गातली गंमत

वर्गात शिकवणं इंग्रजीतून होतं. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांत मागे. बाकीचे मॅडमना फाडफाड प्रश्न विचारायचे आणि मी वही लिहायचो. दुसऱ्या आठवड्यात ‘आवडणे’ हे क्रियापद आलं आणि अख्खा वर्ग अडला.

स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे आंबा आवडतो. आंबे अनेक असले तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजीतून विचार करणाऱ्यांना कळेना की आवडतं ‘मला’, तर क्रियापद आंब्याप्रमाणे का बदलतं? मी वहीत मराठीत लिहिलं : मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. अरे, हे तर आपण जन्मापासून बोलतोय! ‘मे’ म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद आंब्याच्या मागे. मॅडमनी मला फळ्याकडे बोलावलं आणि ते समजावून सांगायला लावलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, पण सगळ्यांना कळलं.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. स्पॅनिशचं वाक्य इंग्रजीतून समजून घ्यायचं नाही, आधी ते मराठीत ठेवून बघायचं.

मराठी माणसाला काय सोपं?

१) उच्चार : इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ ‘ट’ आणि ‘ड’कडे झुकते. स्पॅनिशमध्ये आपला साधा ‘त’ आणि ‘द’ आहे (दोन स्वरांच्या मधला ‘द’ जरा मऊ होतो इतकंच). ‘र’ आपलाच. फक्त जोडून आला की जीभ थरथरवायची : ‘पेरो’ म्हणजे पण, आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा! लहानपणी च-छ-ज-झ-ञ घोकताना शेवटचा ‘ञ’ कशाला असा प्रश्न आपल्याला पडायचा. तो इथे कामाला येतो. ‘आञो’ म्हणजे वर्ष. ‘मेक्सिको’चा तिथला उच्चार ‘मेहिको’ आहे, हेही लक्षात ठेवा.

२) तू आणि तुम्ही : स्पॅनिशमध्ये बरोबरीच्या माणसाला चक्क ‘तू’ म्हणतात, उच्चारही तोच! मोठ्या किंवा अनोळखी माणसाला ‘उस्तेद’. सरांना काय म्हणायचं आणि रूम पार्टनरला काय, हे मराठी पोराला शिकवावं लागत नाही.

३) लिंग : चांगला मुलगा, चांगली मुलगी तसं ‘निञो बुएनो’, ‘निञा बुएना’. विशेषण नामाप्रमाणे बदलतं. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच. म्हणजे एक ओझं कमी.

४) कर्ता गाळणे : ‘जातो’ म्हटलं की ‘मी’ म्हणावं लागत नाही. त्यांचंही तसंच. ‘आब्लो’ एवढंच म्हटलं की ‘मी बोलतो’ असा पूर्ण अर्थ.

५) ओळखीचे शब्द : पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि पोर्तुगीजांनी मराठीला बरेच शब्द दिले. आपला ‘पगार’ तिकडे ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. आपला ‘पाव’ त्यांचा ‘पान’. आपली ‘चावी’ पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आली, स्पॅनिशमध्ये ती ‘यावे’ होते.

फळं-भाज्यांचं तर विचारूच नका. मका, मिरची, पेरू, चिकू ही सगळी मूळची अमेरिका खंडाची. बालाघाटच्या डोंगरातलं आपलं सीताफळ, ज्याला बीडच्या नावाने २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मूळचं तिकडचंच. म्हणजे मेक्सिको आपल्या रानात आधीच येऊन बसलेला आहे.

काय अवघड?

सगळंच सोपं आहे असं सांगून फसवणार नाही. ‘असणे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत. मूळ ओळख सांगताना एक, आत्ताची स्थिती किंवा जागा सांगताना दुसरं. ‘सोय दे बीड’ म्हणजे मी बीडचा. ‘एस्तोय एन पुणे’ म्हणजे मी पुण्यात आहे. ही दोन वाक्यं मी खोलीच्या भिंतीवर चिकटवून ठेवली होती. दुसरं म्हणजे लिंग बुद्धीने ठरत नाही. दिवस पुल्लिंगी आणि रात्र स्त्रीलिंगी हे जुळतं, पण आपला चंद्र तिकडे स्त्रीलिंगी. तिसरं म्हणजे क्रियापदांची रूपं. त्यांना पाठांतराशिवाय पर्याय नाही, पाढ्यांसारखं घोकायचं.

वर्ध्याचा माणूस मेक्सिकोत

अभ्यास कंटाळवाणा झाला की मी एका माणसाबद्दल वाचायचो. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्यात जन्मलेले, तरुणपणी क्रांतिकार्यासाठी देश सोडून गेले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पुढे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणपर्यंत गेले, पुढे बर्लिन आणि मॉस्को. इंग्रज सरकारमुळे मायदेशी परतता येईना, तेव्हा १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले. वय चाळिशीच्या आसपास.

तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं, स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उभ्या करण्यात पुढाकार घेतला. वर्गात शिकवायचं, शेतकऱ्याच्या बांधावर बसून बोलायचं, म्हणजे कामापुरती भाषा येऊन भागणार नव्हतं. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी काढलेलं एक भित्तिचित्र आहे. त्यात जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसून भाकरी मोडणारा माणूस आहे, तो चेहरा खानखोजे यांचा असल्याचं सांगतात. स्वातंत्र्यानंतर ते भारतात आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोला लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

आपण सातवा-आठवा सेमिस्टर आला की म्हणतो, आता नवीन काय शिकणार? हा मराठी माणूस चाळिशीत परक्या देशात, परक्या भाषेत प्राध्यापकी करत होता.

अण्णांचा प्रश्न

एका रात्री अण्णांचा फोन आला. “काय शिकायलास रं तिथं?” मी म्हटलं, मेक्सिकोची भाषा. “कामाला यील का ती?” काय सांगावं सुचेना. त्या दिवशी वर्गात शेतीचे शब्द झाले होते, तेच सांगितले. तिकडे उसाला ‘काञा’ म्हणतात. ऊसतोडीच्या हंगामाला ‘साफ्रा’ म्हणतात. वेराक्रूझ नावाच्या राज्यात सगळ्यांत जास्त ऊस होतो आणि लांबलांबून मजूर तोडीला येतात.

अण्णा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यांच्याकडं बी कोयताच हाय का?” मी सांगितलं, ‘माचेते’ म्हणतात, लांब पात्याचा असतो. मग त्यांनी मजुरी विचारली, पोरांच्या शाळेचं विचारलं, ती पोरं बी फडावरच राहतात का विचारलं. मला त्यातलं फार थोडं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडून ते प्रश्न स्पॅनिशमध्ये कसे विचारायचे ते लिहून घेतलं. कामाच्या भाषेची माझी पहिली वही तिथून सुरू झाली.

आणि मला एक गोष्ट लक्षात आली. अण्णा चौथी शिकलेले. पण कर्नाटकातल्या कारखान्यावर दहा हंगाम काढल्यामुळे ते गाडीवानाशी, मुकादमाशी, किराणा दुकानदाराशी कानडीत व्यवहार करतात. त्यांना कुणी व्याकरण शिकवलं नाही. गरज होती, लाज नव्हती. आपण मात्र बारा वर्षं इंग्रजी शिकून गप्प बसतो.

सुरुवात कशी करावी?

– रोज अर्धा तास, पण रोज. रविवारी चार तास बसून उपयोग नाही.
– पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचा. स्पॅनिश बरीचशी लिहिल्याप्रमाणेच वाचली जाते, त्यामुळे हे लवकर जमतं.
– वहीत तीन रकाने करा : स्पॅनिश, मराठी आणि स्वतःचं एक वाक्य. इंग्रजीचा रकाना नको.
– शब्द आपल्या कामाचे घ्या. मेस, एसटी, वर्कशॉप, शेत.
– मोबाईलवर स्पॅनिश बातम्या ऐका. कळल्या नाहीत तरी कानाला वळण लागतं.
– परीक्षा द्यायची तर ‘देले’ ही स्पेनच्या सेर्व्हांतेस संस्थेची परीक्षा आहे, दिल्लीत त्यांचं केंद्र आहे. पहिली पातळी ए-वन. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे, तिथेही चौकशी करता येईल.

आठ आठवड्यांत मी काही पंडित झालो नाही. स्वतःची ओळख, घरची माहिती, बाजारहाट आणि थोडं शेतीचं, एवढं बोलता येतं. पण परवा व्हायव्हात इंग्रजीत उत्तर देताना तोंड उघडलं, हाही त्याचाच फायदा!

अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. आठशे वर्षांपूर्वी त्यांनी ब्रह्मज्ञानासारखा विषय सामान्यांच्या मराठीत आणला. अशा गावात शिकणाऱ्यांनी मराठीला अडचण समजू नये, एवढंच मला वाटतं.

दर रविवारी रात्री जेवणानंतर आम्ही चौघं होस्टेलच्या स्टडी रूममध्ये स्पॅनिशला बसतो. फी नाही. दोनशे पानी वही आणि पेन आणा. सर आणि मॅडम आले तर त्यांना ‘उस्तेद’ म्हणू!