'कॉर्न' या इंग्रजी शब्दाचे अर्थ

शेतकीवरील इंग्रजी पुस्तकें व बाजारभावांचीं पत्रकें वाचणाऱ्या शेतकऱ्यास 'कॉर्न' हा शब्द पदोपदीं भेटतो. कोशांत त्याचा अर्थ 'धान्य' असा सांपडतो, तसाच 'मका' असाही सांपडतो. कोणता अर्थ कोठें घ्यावयाचा हें न कळल्यास एका पिकासाठीं सांगितलेलें खत दुसऱ्या पिकास घातलें जाईल. म्हणून या शब्दाचा येथें थोडा विचार करूं.

कॉर्न याचा मूळ अर्थ दाणा. लॅटिन 'ग्रानुम' व संस्कृत 'जीर्ण' हे शब्द त्याच्याच कुळांतील होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. झिजून उरलेला कण ही त्यामागील कल्पना. 3 'बार्लीकॉर्न', म्हणजे 3 जवाचे दाणे, मिळून इंग्रजांचा 1 इंच होई, जसे आपल्या जुन्या मापांत 8 यव मिळून 1 अंगुल होत. खारविलेल्या मांसास 'कॉर्न्ड' म्हणतात, तें मिठाच्या दाणेदार खड्यांवरून. मक्याचा तेथें कांहीं संबंध नाहीं.

दाण्यावरून हा शब्द सर्व धान्यांस लागला, व पुढें ज्या प्रांतांत जें पीक मुख्य, त्याचें तो नांव झाला. इंग्लंडांत बहुधा गहूं, स्कॉटलंडांत ओट, अमेरिकेंत मका. अमेरिकेंत गेलेले इंग्रज मक्यास प्रथम 'इंडियन कॉर्न' म्हणत. पुढें पहिला शब्द गळाला. 1815 सालीं झालेला व 1846 सालीं रद्द ठरलेला इंग्लंडांतील 'कॉर्न'चा कायदा मात्र गहूं वगैरे धान्यांच्या आयातीविषयीं होता. आपल्याकडेही धान्य म्हणजे कोणताही दाणा, परंतु पूर्व विदर्भांत 'धान' म्हटलें कीं भाताचेंच पीक समजावयाचें.

पायाच्या कुरुपासही इंग्रजींत कॉर्न म्हणतात. पण तो शब्द निराळा. तो लॅटिन 'कॉर्नू', म्हणजे शिंग, यावरून आला असून आपल्या 'शृंग' शब्दाचा आप्त आहे.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. अमेरिकन बाजारांत मक्याच्या दाण्यांचा बुशेल 56 पौंडांचा, म्हणजे सुमारें 25.4 किलोंचा धरतात. गव्हाचा 60 पौंडांचा व ओटचा 32 पौंडांचा. शिकागोचा 'कॉर्न'चा भाव गव्हाचा समजल्यास पीकही चुकेल आणि वजनही चुकेल.

यास्तव लेख कोणत्या देशाचा व कोणत्या सालचा तें आधीं पाहावें, आणि शास्त्रीय नांव शोधावें. 'झिया मेज' असेल तर मका, 'ट्रिटिकम' असेल तर गहूं, 'अव्हेना' असेल तर ओट. एवढी खात्री झाल्यावरच त्यांतील बियाण्याचें व खताचें प्रमाण आपल्या शेतास लावण्याचा विचार करावा.