टस्कनीतील घर : जमाखर्चाच्या दोन बाजू

इटलीतील एखाद्या डोंगरी गावात जुने दगडी घर घ्यावे, सकाळी चौकात जाऊन ताजी भाजी आणावी, दुपारी ऑलिव्हच्या सावलीत निवांत जेवावे आणि सायंकाळी स्थानिक वाइनचा पेला हाती घेऊन दरीकडे पाहत बसावे, या स्वप्नाने गेली काही दशके जगभरच्या सुखवस्तू वर्गाला मोह घातला आहे. फ्रान्सेस मेझ या अमेरिकन लेखिकेने १९९० मध्ये टस्कनी विभागातील कोर्तोना या गावी एक ओसाड घर विकत घेतले. त्या अनुभवावरील तिचे 'अंडर द टस्कन सन' हे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, २००३ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि हे स्वप्न घरोघरी पोहोचले. निवृत्तीनंतर असे काही आपल्यालाही साधेल का, असा विचार भारतीय वाचकाच्या मनातही येऊन जातो.

कोर्तोना ज्या आरेत्सो जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील सानसेपोल्क्रो या गावी लुका पाचोली या गणितज्ञाचा जन्म झाला. व्हेनिस येथे १४९४ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने द्विनोंदी हिशेबपद्धतीचे विवेचन केले. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, हा त्या पद्धतीचा पाया होय. टस्कनीतील घराचा व्यवहारही त्याच दृष्टीने तपासणे उचित ठरेल.

घरे रिकामी का झाली?

परदेशी लोकांना भुरळ घालणारी ही घरे मुळात ओस का पडली, याचे उत्तर 'मेत्साद्रिया' या पद्धतीत आहे. आपल्याकडील अर्धेलीच्या शेतीशी तिचे जवळचे नाते आहे. जमीन व घर मालकाचे, श्रम कुळाच्या कुटुंबाचे आणि पीक दोघांत निम्मे निम्मे, अशी ही व्यवस्था मध्य इटलीत अनेक शतके चालली. खाली गुरांचा गोठा आणि वर कुटुंबाची वस्ती, अशी या घरांची रचना असे. आज ज्या तळमजल्याची सुंदर बैठकीची खोली होते, तेथे पूर्वी बहुधा बैल बांधलेले असत.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांत रोख वेतनाचे काम मिळू लागले आणि तरुण पिढीने शेते सोडली. १९६४ च्या कायद्याने मेत्साद्रियाचे नवे करार करण्यास बंदी घातली. दारिद्र्याने रिकामी केलेली घरे परदेशी ग्राहकांनी सौंदर्यासाठी विकत घेतली. पुढे किमती इतक्या वाढल्या, की ज्यांच्या पूर्वजांनी तेथे पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला, त्यांच्या वारसांना तेच घर घेणे अनेकदा परवडेनासे झाले.

ताटातील काटकसर

जेवणाची कथाही अशीच आहे. टस्कनीतील नामवंत 'रिबोलिता' म्हणजे शिळा पाव, काळपट पानांची कोबी आणि पांढऱ्या घेवड्याचे दाणे घालून पुन्हा उकळलेले दाट सार. उन्हाळ्यातील 'पान्झानेल्ला' म्हणजे भिजवून पिळलेल्या शिळ्या पावात टोमॅटो व कांदा घालून केलेली कोशिंबीर. शिळ्या भाकरीचा कुस्करा किंवा फोडणीची पोळी ज्या घरात होते, त्या घराला या पदार्थांचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. अन्न वाया जाऊ द्यायचे नाही, या निग्रहातून ही चव जन्मली आहे. शाकाहारी व्यक्तीला तेथे उपाशी राहावे लागत नाही. मात्र प्रसिद्ध पार्मिजानो चीजसाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, हे ध्यानात ठेवावे.

विलंबाचे मोल

तेथील संथ जीवनाचे कौतुक सर्वत्र होते. त्यालाही किंमत आहे. माँताल्चिनो गावची 'ब्रुनेल्लो' ही वाइन केवळ सांजोव्हेझे जातीच्या द्राक्षांपासून करावी लागते. किमान दोन वर्षे ती लाकडी पिंपात मुरते आणि द्राक्षतोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीपूर्वी बाजारात आणता येत नाही. तोवर उत्पादकाचे भांडवल तळघरात अडकून पडते.

पार्मिजानो रेज्जानो चीजही किमान १२ महिने मुरवावे लागते. सुमारे ४० किलो वजनाच्या एका चाकास अंदाजे ५५० लिटर दूध लागते. उत्पादकाची अडचण ओळखून क्रेदितो एमिलियानो ही बँक चीजची चाके आपल्या गोदामात तारण ठेवून कर्ज देते. आपल्याकडील शेतमाल तारण कर्जाचेच हे भावंड म्हणता येईल. १९९९ मध्ये चार गावांच्या नगराध्यक्षांनी 'चित्तास्लो' म्हणजे संथ गावांची चळवळ सुरू केली. पन्नास हजारांहून कमी लोकवस्तीच्या गावांनाच तिचे सदस्यत्व मिळते. संथपणा हा आळस नव्हे. तो नियम, पतपुरवठा आणि धीर यांवर उभा असतो.

परवाना आणि पैसा

भारतीय नागरिकाला काम न करता इटलीत राहावयाचे असल्यास 'ऐच्छिक निवास' व्हिसा घ्यावा लागतो. निवृत्तिवेतन, भाडे, लाभांश असे नियमित उत्पन्न त्यासाठी दाखवावे लागते. केवळ खात्यातील शिल्लक पुरत नाही. एका व्यक्तीसाठी वार्षिक सुमारे ३१,००० युरो ही पातळी सर्वसाधारणपणे धरली जाते. या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

येथे विनिमय दराचा धडा महत्त्वाचा ठरतो. २००२ च्या जानेवारीत युरोच्या नोटा व नाणी चलनात आली, तेव्हा एक युरो सुमारे ४३ रुपयांना मिळत असे. त्या दराने ३१,००० युरो म्हणजे साधारण सव्वातेरा लाख रुपये. २०२५ मध्ये युरोने शंभरी ओलांडली आणि तीच रक्कम ३१ लाखांच्या वर गेली. ज्याची मिळकत रुपयांत आणि खर्च युरोत, त्याने हा फरक सोसण्याची तयारी आधीच ठेवली पाहिजे.

निवासी भारतीयास उदारीकृत प्रेषण योजनेनुसार एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. कायमच्या वास्तव्यासाठी देश सोडल्यावर मात्र बचत खाते अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ, खात्यात रूपांतरित करून घ्यावे लागते. वर्षातील निम्म्याहून अधिक काळ तेथे राहणारी व्यक्ती सर्वसाधारणपणे इटलीची कर-निवासी ठरते आणि तिच्या जगभरच्या उत्पन्नाचा तेथे विचार होतो. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. त्याचा लाभ कसा घ्यावा, हे निघण्यापूर्वी सनदी लेखापालाकडून समजून घ्यावे. निवृत्तिवेतनधारकांनी दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याचीही सोय पाहून ठेवावी.

'एक युरोत घर' या जाहिरातीही याच दृष्टीने वाचाव्यात. लोकसंख्या घटलेल्या गावांनी, उदाहरणार्थ २०१९ मध्ये सिसिलीतील साम्बूका या गावाने, अशी घरे लिलावात काढली. परंतु ठरावीक मुदतीत दुरुस्ती करण्याचे बंधन आणि हमीची अनामत रक्कम त्यासोबत येते. घराचा खरा दर दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच कळतो.

कष्टाला आलेले भारतीय

इटलीच्या लहान गावांत भारतीय माणूस नवा नाही. पो नदीच्या खोऱ्यातील दुग्धशाळांत पंजाबी कामगार अनेक वर्षे पहाटे व सायंकाळी गाईंच्या धारा काढीत आहेत. रेज्जो एमिलिया जिल्ह्यातील नोव्हेल्लारा या गावी २००० मध्ये मोठा गुरुद्वारा उभा राहिला. ज्या चीजसाठी पर्यटक त्या प्रदेशात येतो, त्याच्या दुधामागे या हातांचेही श्रम आहेत. ते जीवनाचा आस्वाद घेण्यासाठी गेले नाहीत. कामासाठी गेले आणि गावाचा भाग झाले.

सुखासाठी जाणाऱ्याने त्यांच्याकडून हेच शिकावे. गावाला केवळ उन्हाळ्यातले पाहुणे पुरेसे नसतात. हिवाळ्यात दिवा लागणारे घर, बेकरीचे रोजचे गिऱ्हाईक आणि शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस त्याला हवा असतो. पाच वर्षांनंतर दीर्घकालीन निवासाचा परवाना मागताना इटालियन भाषेची परीक्षा द्यावीच लागते. ती भाषा पहिल्या वर्षीच शिकण्यात शहाणपण आहे. प्रथम काही महिने, शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत, भाड्याच्या घरात राहून पाहावे आणि मगच खरेदीचा निर्णय घ्यावा. गावाने आपल्याला काय दिले, हे एका बाजूस लिहिताना आपण गावाला काय दिले, ही दुसरी बाजू कोरी राहिली, तर तो हिशेब कधीच जुळणार नाही.