डुकरांच्या पिलांची हगवण आणि जंतूंचे विष

पालघर तालुक्यातील नवापूरसारख्या समुद्रकाठच्या गावी पावसाळ्यात जमीन व हवा दोन्ही ओलसर राहतात. अशा दिवसांत डुकरीण व्याल्यास पिलांच्या हगवणीविषयी विशेष दक्षता घ्यावी. सकाळी आचळास लुचणारे पिलू सायंकाळी निपचित पडावे, इतक्या वेगाने हा रोग वाढतो.

पुष्कळदा याचे कारण ई. कोलाय हे जंतू असतात. ते आतड्याच्या अस्तरास चिकटून विष निर्माण करतात. त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात पाझरतात. नवजात पिलाचे वजन जेमतेम एक ते दीड किलो असते. म्हणून त्याचे डोळे लवकर खोल जातात व अंग गार पडते. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली पटकीच्या जंतूंचे विष प्रयोगाने दाखवून दिले. ई. कोलायचे एक विष त्याच प्रकारे कार्य करते.

हे विष अस्तराचा नाश करीत नाही. ग्लुकोज व मीठ एकत्र मिळाल्यास आतडे पाणी शोषू शकते. जंतुनाशक औषध जंतू मारते, परंतु गेलेले पाणी भरून काढीत नाही. सबब पुढील गोष्टी कराव्यात :

१. जन्मतः पिलाच्या रक्तात प्रतिद्रव्ये जवळजवळ नसतात. ती चिकातून मिळतात. २४ तासांनंतर आतडे ती शोषीत नाही. म्हणून प्रत्येक पिलास पहिल्या सहा तासांतच चीक पाजावा.

२. विण्याची जागा आधी धुऊन वाळवावी, कोरडा पेंढा अंथरावा व पिलांस ऊब द्यावी.

३. हगवण लागताच ओआरएसची पूड पाकिटावरील प्रमाणात उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून थोडीथोडी पाजावी. आईचे दूध तोडू नये. नवजात पिलास साधी साखर पचत नाही, म्हणून ती वापरू नये.

दूध तोडल्यावर एक-दोन आठवड्यांत याच जंतूंचा दुसरा प्रकार वेगळे विष निर्माण करतो. ते रक्तवाहिन्यांस इजा करते. पापण्या सुजतात, चाल अडखळते, व धष्टपुष्ट पिले अकस्मात दगावतात. त्यासाठी खाद्यात बदल हळूहळू करावा.

यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच ग्रामसेवकांनी पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.