भाज्याचा स्तूप : खेळासाठी की छपाईसाठी?



लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीला उतरले, की चालत जाण्याच्या अंतरावर भाजे लेणी लागतात. तेथे १४ स्तूपांचा एक समूह आहे. समजा, त्यांपैकी एक स्तूप तुम्हाला संगणकावर घडवायचा आहे. त्यासाठी टिंकरकॅड घ्यावे, फ्रीकॅड घ्यावे की ब्लेंडर? तिन्ही विनामूल्य मिळतात, म्हणून किमतीवरून निवड होत नाही. आधी विचारा : प्रतिकृती कशासाठी हवी?

संगणकीय खेळात स्तूप फक्त दिसायचा असतो. संगणक त्याचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांनी बनवतो आणि चित्र सेकंदाला अनेकदा नव्याने काढतो. म्हणून त्रिकोण जितके कमी, तितके बरे. तळ नसला तरी चालतो. दगडाच्या भेगा कोरण्याऐवजी त्यांचे चित्र पृष्ठभागावर चिकटवता येते.

त्रिमितीय छपाईचे तसे नाही. छपाईयंत्र वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर देते. प्रत्येक थरात वस्तूची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती, हे त्याला कळले पाहिजे. म्हणून पृष्ठभाग सर्व बाजूंनी बंद हवा.

आता स्तूपाकडे पाहा. खाली वृत्तचिती, तिच्यावर अर्धगोल, त्यावर हर्मिकेची चौकट. टिंकरकॅडमध्ये असे तयार आकार एकमेकांवर ठेवून जोडता येतात. ते ब्राउझरमध्ये चालते. पहिल्या आठवड्यासाठी हेच बरे. फ्रीकॅडमध्ये प्रत्येक माप आकड्याने देता येते आणि नंतर आकडा बदलला की आकृतीही बदलते. यंत्राचे सुटे भाग छापायचे असतील, तर पुढे ते शिका. ब्लेंडरमध्ये मात्र पृष्ठभाग मातीसारखा ओढता येतो व त्यावर रंग-चित्रेही चढवता येतात. खेळातील वस्तूंसाठी ते उत्तम. टोन रूझेंडाल यांनी नेदरलँड्समध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००२ मध्ये लोकवर्गणीतून १ लाख युरो जमवून सर्वांसाठी खुला झाला. आयआयटी, मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात त्याचे पाठ आहेत.

छपाईपूर्वी तीन गोष्टी तपासा.

पहिली, एकक. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये केवळ आकडे असतात, एकक नसते. ब्लेंडरमध्ये २ मीटर म्हणून काढलेला स्तूप पुढे २ मिलिमीटर समजला जाऊ शकतो!

दुसरी, वर्तुळाचा गुळगुळीतपणा. २० मिमी त्रिज्येचे वर्तुळ १६ बाजूंच्या बहुभुजाने दाखवले, तर बाजूच्या मध्याशी सुमारे ०.३८ मिमी फरक पडतो. बाजू ३२ केल्या, तर तो ०.१ मिमीच्याही आत येतो. छपाईचा थर साधारण ०.२ मिमी जाडीचा असतो. तेव्हा ३२ बाजू पुरतात.

तिसरी, वजन. वृत्तचितीची त्रिज्या २ सेंमी व उंची ३ सेंमी घ्या, वर तेवढ्याच त्रिज्येचा अर्धगोल. घनफळ सुमारे ५४.५ घसेंमी येते. पीएलए प्लास्टिकची घनता १.२४ ग्रॅम प्रति घसेंमी धरली, तर भरीव स्तूप सुमारे ६८ ग्रॅमचा होईल. सगळी मापे दुप्पट केली तर? वजन दुप्पट नव्हे, आठपट : सुमारे ५४० ग्रॅम! म्हणूनच आतला भाग सहसा जाळीदार ठेवतात.

आणखी एक. अर्धगोल वर निमुळता होत जातो, म्हणून प्रत्येक थराला खालच्या थराचा आधार मिळतो. हर्मिकेचा वरचा भाग बाहेर आलेला असेल, तर त्याखाली तात्पुरते टेकू द्यावे लागतात.

आता करून पाहा. स्तूपाला हात न लावता, शक्य तितक्या दुरून समोरून छायाचित्र घ्या. दुरून घेतल्याने मापांची विकृती कमी होते. छायाचित्रावर पट्टी ठेवून उंची व व्यास यांचे गुणोत्तर काढा आणि त्या गुणोत्तराने ५ सेंमी उंचीचा स्तूप टिंकरकॅडमध्ये रचा. ०.२ मिमीच्या किती थरांत तो पुरा होईल, हे मात्र छापण्याआधी वहीत काढा.