घरी फोटो छापताना: शाई, कागद आणि शेड

गांधीबागेतील कापड व्यापारी असोत की मोमीनपुऱ्यातील कारागीर, मालाचे फोटो इंकजेट प्रिंटरवर घरीच छापता येतात. मात्र आधी शाई ओळखावी. कापडात एक रंग धाग्यात मुरतो, दुसरा वर बसतो. येथेही तसेच आहे. डाय शाई कागदात मुरते, रंग खुलतो, पण ऊन-पाण्याने लवकर उतरतो. पिगमेंट शाईचे कण वर बसतात व जास्त टिकतात.

४ × ६ इंची फोटोसाठी चित्र १२०० × १८०० पिक्सेलचे असावे, म्हणजे इंचाला ३०० ठिपके पडतात. साध्या कागदावर शाई फुटते. फोटो पेपर घ्यावा आणि संगणकात कागदाचा तोच प्रकार निवडावा.

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बंद प्रिंटरची छिद्रे शाई सुकून बुजतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढावे. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे छिद्रांवर झाकण बसते.

शेवटची गोष्ट सौद्याची. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा, कागदावरचा शाईचा. दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून नुसत्या फोटोवर शेड ठरवू नये. सोबत कापडाचा तुकडा जोडावा. माल परत येणार नाही आणि गिऱ्हाईकाचा भरवसाही टिकेल.